डिस्ट. म्हणजे जिल्हा नव्हे

आपल्याकडे पत्ता लिहायचा म्हणजे मुक्काम, पोस्ट, तालुका आणि शेवटी जिल्हा. इंग्रजीत लिहिताना 'डिस्ट. नाशिक'. शाळेत असताना दाखल्यांवर, परीक्षेच्या फॉर्मांवर, बोर्डाला पाठवायच्या याद्यांवर हे 'डिस्ट. नाशिक' मी किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. त्यामुळे नातवाने माझ्या संगणकावर वेबसाइटचं जे दप्तर मांडून दिलं होतं, त्यात 'डिस्ट' नावाचा फोल्डर दिसल्यावर मला कसली शंका आलीच नाही. वेबसाइट आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांची. मग जिल्ह्याचे फोटो जिल्ह्याच्या फोल्डरमध्ये! मी निवांत बसून येवला, सिन्नर, चांदवड आणि जुनं नाशिक असे चार पोटफोल्डर केले आणि एकसष्ट फोटो त्यांत नीट लावले. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं, ते पुसून टाकलं.

ही डिसेंबर २०२२ ची गोष्ट. संक्रांतीला नातू आला. तिळगूळ खाता खाता म्हणाला, "आजी, तुझ्या पहिल्या पानाचा रंग फार भडक आहे, बदलून देतो." काहीतरी बदललं, एक आज्ञा टाइप केली, चार-पाच सेकंदांत काम झालं. रंग खरोखरच छान आला. फोटो मात्र गेले. चारही फोल्डर गेले. रिसायकल बिन उघडून पाहिली तर तीही रिकामी. आपण हाताने फाइल पुसतो तेव्हा ती त्या टोपलीत जाऊन पडते, प्रोग्रॅमने पुसली की थेट जाते, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं.

एवढ्यावर भागलं नाही. त्याआधीचे तीन आठवडे मी त्याच फोल्डरमधली पानं नोटपॅडमध्ये उघडून शुद्धलेखन सुधारत होते. ऱ्हस्व-दीर्घ, चुकलेल्या तारखा, 'रंगमहल' की 'रंगमहाल' अशा गोष्टी. चांदवडच्या अहिल्याबाईंच्या वाड्याबद्दलचं पान तर मी अर्धंअधिक नव्याने लिहिलं होतं. ते सगळं पूर्ववत झालं. म्हणजे चुका परत आल्या, अगदी जिथल्या तिथे.

नातवाचा चेहरा पडला. "अगं आजी, तू डिस्टमध्ये कशाला ठेवलंस? ते कधीही उडवायचंच असतं." मी म्हटलं, "मग तसं लिहून का ठेवलं नाहीस?" तो गप्प बसला आणि मीही. त्या दोन वाक्यांवर मी गेली दोन-तीन वर्षं विचार करते आहे, आणि आता माझं मत ठरलं आहे. ते आज लिहून काढते.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही (आमच्या जाऊबाई न चुकता वाचतात, त्यांच्यासाठी विशेष) त्यांना आधी थोडं सांगते. वेबसाइट करणारे लोक दोन कप्पे वेगळे ठेवतात. एकात माणसाने हाताने लिहिलेलं असतं. त्याचं नाव बहुधा 'एसआरसी', म्हणजे सोर्स. विकिस्रोतमधला 'स्रोत' तोच, मी सरळ 'मूळ' म्हणते. दुसऱ्या कप्प्यात यंत्राने त्या मुळावरून तयार केलेलं, ब्राउझरच्या हाती द्यायचं साहित्य असतं. त्याला कोणी 'बिल्ड' म्हणतं, कोणी 'आउट', कोणी 'डिस्ट'. डिस्ट हा डिस्ट्रिब्यूशनचा तुकडा. वाटायची प्रत! मधे जी क्रिया होते ती बिल्ड. दहा-वीस फायलींत पसरलेला कोड ती एकत्र बांधते, त्यातल्या टिपा आणि मोकळ्या जागा काढते, लांबलचक नावं एका-दोन अक्षरांवर आणते. फायलींच्या नावांना आकडे-अक्षरांचं एक विचित्र शेपूट लावते. ते शेपूट मी आधी कचरा समजत होते, पण त्यात अक्कल आहे. ब्राउझर एकदा आणलेली फाइल आपल्याजवळ साठवून ठेवतो. आतला मजकूर बदलला की शेपूट बदलतं, नाव वेगळं झालं की ब्राउझरला नवी फाइल आणावीच लागते.

आता हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते छापखान्यामुळे. शाळेचा वार्षिक अंक मी बरीच वर्षं पाहत होते. तेव्हा खिळ्यांची छपाई होती. आमचं हस्तलिखित, म्हणजे मुद्रणप्रत, छापखान्यात जायची. जुळारी तिच्यावरून एकेक खिळा जुळवायचा, मग प्रूफ यायचं. प्रुफावर लाल शाईने केलेली दुरुस्ती खिळ्यांत जायची. छापून झालं की खिळे सोडून परत आपापल्या घरांत. म्हणजे पुढे कधी तोच मजकूर पुन्हा छापायचा तर मुद्रणप्रतीपासून सुरुवात. मुद्रणप्रत ही आमची 'एसआरसी', छापलेला अंक ही 'डिस्ट'. मी जे केलं ते असं होतं की छापून आलेल्या अंकाच्या घरच्या प्रतीत पेनाने चुका सुधारत बसले आणि अपेक्षा धरली की दुसऱ्या आवृत्तीत त्या आपोआप दुरुस्त होऊन येतील. एखाद्या सहावीतल्या मुलानेही मला हसावं असं काम.

पण हसण्यासारखं नाहीही. वाटपाच्या प्रतीवर हात चालवायची आपली खोड जुनी आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९०. मूळ प्रत कुठेच राहिली नाही, राहिल्या त्या नकला. आणि नक्कल करणाऱ्या प्रत्येकाने थोडं थोडं आपलं घातलं, कोणी शब्द बदलला, कोणी ओवी वाढवली. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी यात आपली भर घालू नये असं शेवटी बजावून ठेवलं. तीनशे वर्षांत साठलेल्या हातच्या दुरुस्त्या निस्तरायला एकनाथ लागले. (आमच्या वेबसाइटची ज्ञानेश्वरीशी तुलना करत नाही, कोणी रागावू नये.)

तेव्हा पहिला मुद्दा हा की माणसाचा हात फक्त मुळात लागला पाहिजे. वाटपाच्या फोल्डरमध्ये काहीही लिहू नये, काहीही ठेवू नये, अगदी 'आत्तापुरतं' म्हणूनसुद्धा. मांडणी बरोबर आहे की नाही हे पाहायची माझी एक सोपी परीक्षा आहे. तो फोल्डर या क्षणी पूर्ण पुसून टाका. पोटात गोळा आला तर मांडणी चुकली. आला नाही, आणि एका आज्ञेने तो जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला, तर बरोबर. आमच्याकडे मी आता महिन्यातून एकदा स्वतः पुसते. पहिल्यांदा हात थरथरले होते.

ही परीक्षा काही माझा शोध नाही. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कोणती मूळ फाइल तिच्यावरून केलेल्या फाइलीपेक्षा नंतर बदलली आहे ते वेळ पाहून ओळखायचं आणि तेवढंच पुन्हा तयार करायचं, हे त्याचं काम. ते वापरणाऱ्यांत 'क्लीन' अशी एक आज्ञा लिहून ठेवायची रीत पडली. तयार झालेलं सगळं पुसा, मूळ तेवढं ठेवा. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या लोकांनाही तयार माल पुसण्याची भीती नव्हती. वेबच्या जगात ही शिस्त उशिरा आली, कारण सुरुवातीला बिल्ड नावाचा प्रकारच नव्हता. पान लिहिलं की तेच सर्व्हरवर चढवायचं. मूळ तेच, वाटप तेच. मी १९९९-२००० च्या सुमारास एका संगणक वर्गात जे शिकले ते तसंच होतं, आणि माझ्या गोंधळाचं मूळ तिथे असावं.

पुढे कोड वाढला तशी अवजारं आली. २०१८ मध्ये 'वेबपॅक'च्या चौथ्या आवृत्तीने न सांगता मूळ 'एसआरसी'त शोधायचं आणि तयार झालेलं 'डिस्ट'मध्ये टाकायचं असं ठरवून टाकलं, आणि ही दोन नावं आणखीच रुळली. २०२० मध्ये आलेल्या अवजाराचं नाव मला फार आवडलं. फ्रेंच शब्द आहे, अर्थ चपळ, आणि उच्चार चक्क 'वीट'! विठोबाच्या पायाखालची. ही वीट बिल्ड करण्याआधी 'डिस्ट' रिकामा करते. तसं तिच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं आहे आणि नको असेल तर बंदही करता येतं. मागच्या खेपेचे जुने, बिनकामाचे तुकडे राहू नयेत म्हणून ते करतात. त्या शेपटांमुळे दर खेपेला नवी नावं तयार होतात, पुसलं नाही तर महिनाभरात अडगळ साचेल. तेव्हा अवजाराला मी दोष देत नाही.

दोष देते ती नावांना. इथे मात्र माझं आणि नातवाचं जमत नाही.

'पब्लिक' या एका शब्दाचंच बघा. विटेच्या दप्तरात 'पब्लिक' नावाचा फोल्डर मूळ साहित्यात मोडतो. त्यात आपण फाइल ठेवायची, ती जशीच्या तशी 'डिस्ट'मध्ये उतरते. 'ह्यूगो' नावाचं दुसरं अवजार आहे, लेखांच्या साइट करायला फार लोक वापरतात. त्याच्याकडे 'पब्लिक' म्हणजे तयार झालेला माल, आणि जशाच्या तशा उतरणाऱ्या फायली 'स्टॅटिक'मध्ये. एकाकडे ज्या नावाच्या कपाटात दागिने ठेवायचे, दुसऱ्याकडे त्याच नावाची कचऱ्याची पेटी. शिवाय ह्यूगो आपण होऊन तो फोल्डर रिकामा करत नाही. तिथे उलटी पंचाईत होते. तुम्ही मुळातून एखादा लेख काढून टाकलात तरी त्याचं जुनं पान 'पब्लिक'मध्ये तसंच राहतं आणि फोल्डर उचलून चढवला की तेही जगाला दिसतं. एका भाचीच्या साइटवर मोडलेल्या लग्नाचं निमंत्रण असंच वर्षभर दिसत होतं. त्या घरात काय झालं असेल याची कल्पना करा.

मी नातवाला म्हटलं, आपण आपली नावं ठेवू. 'मूळ' आणि 'छापील'. देवनागरीत ठेवली तर काही अवजारं अडखळतात आणि पत्त्यात टक्क्यांच्या खुणांची रांग लागते, म्हणून रोमन लिपीत 'मूळ', 'छापील'. तयार माल कुठे टाकायचा ते एका ओळीत बदलता येतं, हे त्यानेच मला सांगितलं होतं. तो म्हणाला, "आजी, उद्या दुसऱ्या कोणाला हे काम द्यावं लागलं तर तो आधी एसआरसी आणि डिस्टच शोधेल. सगळ्या जगाने एकच नाव ठेवलंय त्याचा फायदा असतो." त्याचं म्हणणं खोटं नाही. वर्गात मीही मुलांना सांगायचे की पत्राचा मायना ठरलेला असतो, तुमचा वेगळा काढू नका. पण ज्या दप्तराला दहा प्रोग्रॅमर हात लावणार ते दप्तर आणि ज्याला एक म्हातारी, तिची सून आणि दिवाळीत येणारा नातू हात लावणार ते दप्तर, दोन्हींना एकच मायना कशाला? नाव वाचून कळायला हवं ते घरातल्या माणसाला.

शेवटी तह झाला. नावं त्याची राहिली, पण दोन गोष्टी माझ्या झाल्या. दप्तराच्या तोंडाशी 'आधी हे वाचा' नावाची फाइल, मराठीत, अकरा ओळींची. कोणत्या फोल्डरमध्ये कोणी काय ठेवायचं, कोणाला हात लावायचा नाही, बिल्डची आज्ञा कोणती. आणि दुसरी गंमत त्याने शोधली. 'डिस्ट'मध्ये पाटी लावून उपयोग नाही, दर बिल्डला ती पुसली जाणार. म्हणून त्याने पाटी 'पब्लिक'मध्ये ठेवली! आता दर बिल्डला 'डिस्ट' रिकामा होतो आणि लगेच त्यात 'इथे काही ठेवू नये' अशी फाइल येऊन बसते. ती साइटबरोबर सर्व्हरवरही जाते. जाऊ दे. कोणी परदेशातला माणूस ती उघडून बघेल तर त्यालाही आपली म्युनिसिपालिटीची पाटी दिसेल :-)

गिटबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे माझी दुसरी फसगत झाली. नातवाने मला अभिमानाने सांगितलं होतं की "सगळं गिटमध्ये आहे, काही हरवत नाही." गिट म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी वही. कोणत्याही तारखेला मागे जाता येतं. फोटो गेल्यावर मी म्हटलं, मग जा मागे. तेव्हा कळलं की त्या वहीला एक यादी दिलेली असते, यातलं काही नोंदवू नकोस म्हणून. त्या यादीत दोन नावं. एक 'नोड मॉड्यूल्स', म्हणजे बाहेरून आणलेल्या सामानाची हजारो फायलींची खोली, आणि दुसरं 'डिस्ट'. तयार माल पुन्हा करता येतो, मग त्याची नोंद कशाला? तर्क अगदी बरोबर. पण माझ्या मनात 'सगळं' म्हणजे सगळं होतं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं दप्तर असेल तर ती यादी एकदा उघडून वाचा. तुम्ही ज्यात जीव गुंतवला आहे तो फोल्डर तिच्यात आहे का ते बघा.

फोटोंचा मात्र तिढा वेगळाच आहे आणि तो दोन फोल्डरांनी सुटत नाही. कॅमेऱ्यातला फोटो पाच-सहा एमबीचा. वेबवर तो छोटा करून घालायचा, दोनशे केबीचा वगैरे. छोटा केलेला फोटो वेबसाइटच्या दृष्टीने मूळ, पण फोटोच्या दृष्टीने नक्कलच. मोठे फोटो दप्तरात ठेवले तर ती गिटची वही फुगते, कारण फोटोत थोडा जरी बदल केला तरी ती पूर्ण फोटो नव्याने ठेवते आणि जुनाही सोडत नाही. म्हणून आता आमच्याकडे खरं मूळ दप्तराच्या बाहेर आहे. कॅमेऱ्यातले फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर, तारखेच्या फोल्डरांत, नाव न बदलता. त्याची दुसरी प्रत सुनेच्या माहेरी. दप्तरातल्या 'एसआरसी'त छोटे फोटो. आणि 'डिस्ट'मध्ये जे काय बिल्ड टाकेल ते. नातू फक्त कोडला मूळ समजत होता आणि फोटोंना सामान. या बाबतीत तो माझ्याकडून शिकला असं मी म्हणते, तो हसतो.

आता या शिस्तीच्या उलट बाजूने. नातवाच्या पिढीचं ठाम मत आहे की मूळ जपा, तयार माल जपायची गरज नाही, केव्हाही करता येतो. हे मला पटत नाही, आणि याचं कारण आपल्या मराठीतच घडलेलं आहे.

युनिकोड १९९१ मध्ये आलं तेव्हापासून त्यात देवनागरी होती, पण आपल्या टेबलावर ती पोचायला दहा-बारा वर्षं गेली. तोवर मराठी अक्षरजुळणी वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉण्टांत व्हायची. आत साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, वर चढवलेला असायचा मराठी अक्षरांचा मुखवटा. आमच्या शाळेची स्मरणिका मी अशीच २००१ मध्ये करून घेतली. सीडी जपून ठेवली, अगदी कापडात गुंडाळून. काही वर्षांनी उघडली तर फाइल शाबूत, पण पडद्यावर कंसांची आणि उलट्यासुलट्या अक्षरांची खिचडी. तो फॉण्ट नाही, तो प्रोग्रॅम नाही, तो चालायला लागणारा जुना विंडोजही नाही. मूळ माझ्या हातात होतं आणि मला ते वाचता येत नव्हतं. वाचता येत होती ती छापील प्रत, कपाटातली, वाळवीने एक कोपरा खाल्लेली. तिच्यावरून आम्ही पुन्हा टाइप केलं.

म्हणजे मूळ जपून भागत नाही. मुळापासून प्रत काढायची रीत आणि तिला लागणारं सामानही टिकावं लागतं. आणि वेबच्या बिल्डला लागणारं सामान किती? आमच्या एवढ्याशा साइटच्या 'नोड मॉड्यूल्स'मध्ये काय काय आहे ते मी एकदा बघायला गेले आणि परत आले. यातलं बरंचसं कोणीतरी कुठेतरी फुकट लिहून ठेवलेलं आहे. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा अकरा ओळींचा एक तुकडा त्याच्या लेखकाने काढून घेतला आणि जगभरातल्या हजारो प्रोजेक्टांची बिल्डं एकदम अडली. अकरा ओळी! आता नियम बदलले आहेत, असं सहज काढून घेता येत नाही. कोणतं सामान नेमक्या कोणत्या आवृत्तीचं हे लिहून ठेवणारी एक 'लॉक' फाइल असते, ती मुळाबरोबर गिटमध्ये ठेवलीच पाहिजे (माझ्या एका विद्यार्थ्याने ती भली मोठी आणि अगम्य दिसते म्हणून पुसली होती). तरीही दहा वर्षांनी हे बिल्ड चालेलच अशी हमी मला कोणी देत नाही. नातू देतो, पण त्याचं वय तेवीस आहे.

म्हणून माझी सूचना अशी की रोजच्या कामात 'डिस्ट' बेधडक पुसा, पण वर्षातून एकदा त्याची पूर्ण प्रत काढून, तारीख घालून, दप्तरापासून दूर नेऊन ठेवा. आणि मग तिला कोणी हात लावायचा नाही. ती छापील प्रत. आमच्याकडे ती दसऱ्याला निघते, शस्त्रपूजेच्या दिवशी. नातवाला हे जुन्या लोकांचं खूळ वाटतं. वाटू दे. पुढे कधी ती वीट चालेनाशी झाली तरी साधी एचटीएमएलची पानं ब्राउझर उघडेल, असा माझा अंदाज आहे. १९९९ मध्ये मी शिकताना केलेलं एक पान अजून उघडतं, फक्त त्यात लुकलुकणारी अक्षरं आता लुकलुकत नाहीत.

ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींना वाटेल, आपल्याला काय त्याचं, आपण तर खिडकीत टाइप करतो आणि 'प्रकाशित करा' दाबतो. मग मला सांगा, तुमच्या लेखांचं मूळ कुठे आहे? माझ्या या लेखांचं मूळ एका वहीत आणि एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतं. खिडकीत टाइप केलेला लेख फक्त त्या कंपनीच्या कपाटात असतो. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केलं तेव्हा कित्येकांची पानं गेली. ज्यांच्या संगणकावर मूळ फाइल होती त्यांनी दुसरीकडे नेली. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोघेही सगळे लेख उतरवून घेऊ देतात, ते आजच करून ठेवा.

गेलेल्या एकसष्टपैकी चौदा फोटो परत मिळाले. मी ते तेव्हा उत्साहाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, भाचीच्या फोनमध्ये सापडले. लहान झालेले, जरा फिके, पण आहेत. सिन्नरचे आणि चांदवडचे मी पुन्हा जाऊन काढले, चांदवडचा रंगमहाल काही कुठे जात नाही. येवल्याचा आमचा वाडा मात्र २०२३ च्या उन्हाळ्यात पाडला. त्याचे दहा फोटो गेले, तीन परत आले. ओटीचा आला, चौकटीचा आला, मागच्या आडाचा आला. स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला आईने कोळशाने दुधाचा हिशोब मांडलेला होता, शेवटच्या महिन्याचा, आणि त्यावर कोणी कधी रंगाचा हात दिला नव्हता. तो आला नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये वाडा बघायला आपण सगळे जमलो होतो, तेव्हा निदान सात-आठ जणांच्या हातात फोन होते. त्या दाराचा फोटो कोणी घेतला असेल तर कृपया शोधा. जुन्या फोनमध्ये, मुलांच्या फोनमध्ये, गुगलच्या साठ्यात, कुठेही. आणि सापडला तर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता पाठवू नका, लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे जसाच्या तसा येतो. आला की मी तो मूळ फोटोंच्या हार्ड डिस्कवर ठेवीन आणि मगच दप्तरात घेईन.